फाळक्यावरचं नाव

बाईमाणसानं ट्रकचे फोटो कशाला काढावे, हे मला आजवर इतक्यांनी विचारलं आहे की मी उत्तर द्यायचंच सोडून दिलं. सत्तरच्या दशकात कारंज्याला राहत होते तेव्हा तर हा प्रश्न घराबाहेर पडलं की समोर उभाच असायचा. बाजारातले विचारायचे, शेजारणी विचारायच्या, माझी सख्खी मावशी विचारायची. "लग्नाचे काढ, बारशाचे काढ. हे टायरं अन् चाकं काढत कायले फिरतं वं पोरी?" मी एकदा तिला म्हटलं, "मावशी, ट्रक फोटो काढताना डोळे मिटत नाही, अन् फोटो आल्यावर मी काळी काहून आली म्हनून रुसत बी नाही." त्यावर मावशी माझ्याशी बरेच दिवस बोलली नाही. तेही बरंच झालं.

खरं कारण घरातच होतं. माझे बाबा ट्रक रंगवायचे. गावाबाहेर मंगरूळच्या रस्त्याला एका कडुलिंबाखाली त्यांचं काम चाले. अकोल्याहून लाकडी बॉडी बांधून गाडी यायची, अंगावर नुसता लाल हात मारलेला. मग बाबा डबे उघडायचे. उत्तरेकडच्या गाड्या मुंबईहून नागपूरला जाताना आमच्या बाजूनं जायच्या, त्यांच्यावर गुलाबाच्या बागा असायच्या आणि बर्फाचे डोंगर असायचे. बाबांनी आयुष्यात बर्फ पाहिला नव्हता. त्यांनी पऱ्हाटी पाहिली होती, म्हणून त्यांनी बोंडं काढली. गाडीच्या चारी बाजूंनी फुटलेल्या कापसाच्या बोंडांची रांग, मध्ये मोर, दारावर बैलजोडी. ड्रायव्हर लोकांचा जीव त्या मोरावर होता. गाडी रंगून झाली की ते वरून रेशमी गोंडे, काळ्या वेण्या, आरशाच्या टिकल्या लावून तिला अशी नटवायचे की नवरीनं लाजावं.

देव मात्र बाबा काढत नसत. छप्पन साली आमच्या घरानं धम्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून नाही. गाडीच्या कपाळावर देव पाहिजे असेल तर त्यासाठी दुसरा पेंटर बोलवा, हे ते कामाच्या आधीच सांगून टाकत. "देव त्याच्या हातचा, मोर माह्या हातचा. दोघाईले जागा हाये गाडीवर." गिऱ्हाईक कुरकुरायचं, पण मोर हवा असायचा म्हणून कबूल व्हायचं.

काम संपलं की गाडीच्या फाळक्यावर पेंटरनं आपलं नाव टाकायचं, अशी रीत होती. फाळका म्हणजे मागची फळी, माल उतरवताना जी खाली पाडतात ती. बाबा तिच्या डाव्या कोपऱ्यात नुसतं पहिलं नाव लिहायचे आणि खाली 'पेंटर, कारंजा'. मी मॅट्रिक झाले त्या वर्षी त्यांना विचारलं, "बाबा, तुमचं नाव अर्धंच काहून?"

"पुरं लिव्हलं तं जात बी लिव्हल्या जाते," बाबा म्हणाले.

"मंग लिव्हल्या जाऊ द्या. आपन चोरी केली का कोनाची?"

बाबांनी कुंचा रॉकेलमध्ये बुडवला आणि धुवत बसले. पण त्यानंतर जी गाडी आली तिच्या फाळक्यावर त्यांनी स्वतःचं नाव, माझ्या आजोबांचं नाव आणि आडनाव असं सगळं लिहिलं. पांढरी अक्षरं, त्यांना पिवळी सावली. लिहून झाल्यावर चार पावलं मागं गेले, पाहिलं, आणि मला म्हणाले, "आता बोल." मला रडूच आलं.

ती गाडी होती कारंज्याच्या बाजारातल्या एका मोठ्या आडत्याची. दुष्काळ नुकताच सरला होता, बाजारात पुन्हा माल येऊ लागला होता आणि त्यांनी नवी कोरी गाडी घेतली होती. महिनाभर नाव फाळक्यावर राहिलं, कुणाचं काही बिघडलं नाही. मग एक दिवस भर बाजारात दुसऱ्या एका आडत्यानं ते नाव मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "शेठ, गाडी कोनाची म्हनाची मंग?" हमालांपासून दलालांपर्यंत सगळे हसले. मालकांचा तिळपापड झाला. त्यांनी बाबांना बोलावून सांगितलं, "खंडेनवमीले गाडीची पूजा हाये. पाव्हने येतीन, बामन येईन. त्याच्या आधी थे नाव पुसून टाक. अन् तुह्याच हातानं पुस."

बाबांनी हे जेवताना सांगितलं. माय म्हणाली, "पुसा ना. नावानं पोट भरते का?" माय काही भित्री बाई नव्हती. दुष्काळात रस्त्याच्या कामावर तिनं भर उन्हाळ्यात खडी फोडली होती आणि चूल पेटती ठेवली होती. पोटाचं तिला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. पण माझं डोकं फिरलं. मी ताट सारलं आणि म्हटलं, "पुसाचं तं पुसा, पन मी आधी फोटो काढीन. उद्या कोनी म्हनू नये का इथं आमचं नाव नव्हतंच."

माझा मामा लष्करातून परत येताना एक डबा कॅमेरा घेऊन आला होता. त्याला त्याचा दोन दिवसांत कंटाळा आला आणि कॅमेरा माझ्याकडे आला. एका रोलात बारा फोटो निघायचे. रोल गावात कायम मिळत नसे, स्टुडिओवाले अकोल्याहून मागवून देत. तेव्हा माझ्याजवळ एकच होता.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी गाडी एक खेप करणार होती. मानोऱ्याला किराणा टाकायचा, तिथून वाशिमवरून अनसिंगला जाऊन मूग-उडदाची पोती भरायची आणि रात्रीपर्यंत परत. बाबा म्हणाले, "काढाचा तं रस्त्यावर काढ. माही गाडी खुट्याले बांधलेली नको दिसाले." ड्रायव्हरला आम्ही सगळे चाचा म्हणायचो. बाबांचा जुना दोस्त. त्यानं आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मालक को मालूम पडलं तं माही नौकरी गेली समज. चल बेटी, चढ वर."

तर मी, बाबा आणि चाचा असे आम्ही निघालो. केबिनमध्ये इंजिनाच्या झाकणावर बसलं की खालून चटके बसतात, हे मला त्या दिवशी कळलं. चाचा गात होता, बाबा आपल्याच रंगवलेल्या दारावरून हात फिरवत होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पऱ्हाटी कमरेएवढी आलेली.

मानोऱ्याच्या अलीकडे तांड्यावरची माणसं एका ट्रकमध्ये सामान चढवत होती. ऊसतोडीला निघाली होती. भांडी, गोधड्या, बकऱ्या, कोंबड्या, म्हातारी माणसं, सगळं एकावर एक. बायांच्या ओढण्यांवरचे आरसे उन्हात लखलखत होते. मला ते असंच्या असं हवं होतं. मी चाचाला गाडी थांबवायला लावली, खाली उडी मारली, कॅमेरा काढला, आणि सगळं जागच्या जागी थांबलं. बायांनी डोक्यावरची ओझी खाली ठेवली. ओढण्या नीट केल्या. पुरुषांनी मुंडासी बांधली. सगळे रांगेत उभे राहिले, हात मांडीला चिकटवून, डोळे ताणून, श्वास रोखून. एका म्हाताऱ्यानं तर बकरीचं तोंड धरून माझ्याकडं वळवलं.

"अहो, तुमचं काम करा ना," मी ओरडले. "मी नाहीच असं समजा."

"फोटू का रोज निघते?" एक म्हातारी ओठ न हलवता म्हणाली. "मी हालली अन् त्याच्यात आलीच नाही मंग?"

त्या काळी आमच्याकडे सगळे असेच. कॅमेरा दिसला की माणूस आधी ताठ व्हायचा, मग बाकीचं. रडतं पोर गप्प व्हायचं, भांडण थांबायचं. वाशिमच्या रस्त्याला पंक्चर काढणारा भेटला, तो टायरमधली ट्यूब ओढत होता. मी कॅमेरा उचलला तर त्यानं ट्यूब फेकून दिली, हात पुसले आणि टायरशेजारी पाहुण्यासारखा उभा राहिला. एका बंडीवाल्यानं फोटोसाठी बैल भर रस्त्यात थांबवले, आणि चाचानं ब्रेक मारत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी चिडत होते आणि काढत होते. आता ते फोटो पाहते तेव्हा वाटतं, माझंच चुकत होतं का? ती माणसं दिवसभर वाकूनच असायची. एका फोटोपुरतं ताठ उभं राहायचं तर राहू द्यावं. पण त्या दिवशी मला हे सुचलं नाही, मी नुसती करवादत होते.

अनसिंगला पोहोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर होता. हमाल पोती भरू लागले. फाळका वर बांधून झाला तशी मी कॅमेरा घेऊन मागं गेले. ऑइल पेंट उन्हात असा चमकत होता की कॅमेऱ्याच्या काचेतून अक्षरं दिसतच नव्हती, नुसता पांढरा डाग. मी डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले, मातीत बसले. चाचाला म्हटलं गाडी वळव, तर मागं पोत्यांची थप्पी होती. तरी दोन फोटो काढले, पण काढतानाच माहीत होतं की ते गेले. परतीच्या वाटेवर धुळीनं फाळका माखला आणि कारंजा येईस्तोवर अंधार पडला.

"झालं ना?" बाबांनी उतरताना विचारलं.

"नाही. एक उरला हाये. सकाळी काढीन."

"सकाळी पुसाचं हाये."

"मंग पुसाच्या आधी येतो आपन."

खंडेनवमीला सकाळीच आम्ही मालकांच्या आवारात गेलो. गाडी धुऊन पुसून उभी होती. कपाळावर झेंडूची तोरणं, चाकांना हळद-कुंकू, खाली लिंबं ठेवलेली. आवाराची भिंत उंच असल्यानं गाडीच्या मागच्या बाजूला अजून सावली होती. अक्षर न् अक्षर स्वच्छ दिसत होतं. माझा जीव भांड्यात पडला.

पण मालक आधीच तिथे होते. काळा कोट, काळी टोपी, धुवट धोतर. शेजारी मुनीम हातात काळ्या रंगाचा डबा घेऊन उभा. बाबा दिसताच मालकांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "इतका उशीर? बामन येऊन राह्यला. घे हा डबा अन् फिरव हात. अन् ध्यानात ठेव, तुमच्या लोकाईले काम द्याचं म्हनजे असं होते, बोट देल्लं का हात धरता. चांगलं पयलं नाव लिहत होता तं कोनी सांगतलं तुले..."

बाबा खाली मान घालून ऐकत होते. मला त्यांची मान दिसत होती, आणि ती पाहून माझ्या डोक्यात रक्त चढत होतं. बोलले असते तर हाकलून दिलं असतं. मी कॅमेरा वर घेतला.

मालकांना तो दिसला, आणि त्यांचं वाक्य तिथंच तुटलं. त्यांनी कोटाची गुंडी लावली. टोपी सरळ केली. दोन पावलं सरकून ते फाळक्याला लागून उभे राहिले, अगदी नावाशेजारी, एक हात फळीवर ठेवून. हनुवटी वर, डोळे ताणलेले, श्वास बंद. तांड्यावरच्या म्हातारीत आणि त्यांच्यात मला काही फरक दिसला नाही. त्यांना बाजूला व्हा म्हणावं असं माझ्या तोंडाशी आलं होतं, ते मी गिळलं आणि बटण दाबलं.

"आला का बरोबर?" मालकांनी विचारलं.

"एकदम बरोबर आला," मी म्हटलं.

"हं," ते बाबांकडे वळले. "पुस आता."

बाबांनी मुनिमाच्या हातातून डबा घेतला. झाकण उघडून रंग पाहिला. मग झाकण लावलं आणि डबा खाली, मालकांच्या पायाशी ठेवला. "मालक, माहं काम लिव्हाचं हाये. पुसाचं काम मी कधी शिकलो नाही." एवढं बोलून ते चालू लागले. मी मागोमाग. आवाराच्या फाटकातून मी वळून पाहिलं, तेव्हा मुनीम धोतर सावरत फाळक्यावर काळं फासत होता. त्याला काही ते धड जमत नव्हतं.

त्या दिवसापासून बाबांच्या हातात ट्रक आला नाही. एका मालकानं बंद केलं की बाकीचे आपोआप बंद करतात, त्यासाठी सभा भरवावी लागत नाही. बाबा पिठाच्या गिरण्यांच्या पाट्या रंगवत, सायकल दुकानांची नावं लिहीत. माय मला बोलायची आणि मी ऐकून घ्यायची नाही. घरात रोज वाजायचं.

रोल मी स्टुडिओवाल्यांकडे धुवायला दिला होता. मोठा हौशी माणूस. गावातल्या प्रतिष्ठित लोकांचे फोटो मोठे करून दुकानाच्या दर्शनी काचेत लावायचा त्याला नाद. त्यानं मालकांना ओळखलं, फोटोही झकास आलेला, त्यानं कोणाला न विचारता तो हातभर मोठा केला आणि ऐन दिवाळीत काचेत मधोमध लावला. फोटोत आणखी काय लिहिलं आहे, हे त्यानं पाहिलंच नव्हतं. गावानं मात्र पाहिलं. दिवाळीचा बाजार, खेड्यापाड्यांतून आलेली माणसं, काचेपुढे ही गर्दी. कारंज्याचे एवढे मोठे आडते टोपी सरळ करून उभे, आणि त्यांच्या खांद्याजवळ पांढऱ्या ठळक अक्षरांत आमच्या बाबांचं नाव, आजोबांचं नाव, आडनाव. फाळक्यावरून ते केव्हाच गेलं होतं. आता ते भर चौकात होतं.

बाबांना मी घेऊन गेले. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता. काचेपुढे बराच वेळ उभे राहिले. आमच्या वस्तीतले दोघं-तिघं तिथे होते, त्यातला एक हळूच म्हणाला, "मालकानं तं तुह्या नावाची राखन केली गड्या." बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. खंडेनवमीपासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

मालकांची पंचाईत झाली. फोटो काढा म्हणावं तर का काढा हे सांगावं लागणार, आणि ते सांगायला तोंड नव्हतं. शेवटी दिवाळी झाल्यावर स्टुडिओवालेच आमच्या घरी आले. बिचारे घामाघूम झालेले. काचेतला फोटो त्यांनी उतरवला होता, पण निगेटिव्ह रोलाबरोबर माझ्याकडे आली होती.

"मालक म्हनते, तेवढी निगेटिव्ह द्या," ते बाबांना म्हणाले. "मंग पुढच्या साऱ्या गाड्या तुमच्याच हातानं रंगतीन. बाकीचे मालकही येतीन. त्यायनं शब्द देल्ला."

चुलीपुढे मायचा भाकरी थापायचा आवाज थांबला. आमच्या घराला त्या कामाची किती गरज होती हे मला कळत नव्हतं असं नाही. डब्यात पीठ किती आहे ते मला दिसत होतं. बाबांनी हो म्हटलं असतं तर मी त्यांना दोष दिला नसता, पण ती निगेटिव्ह मी हातानं दिलीही नसती. मी वाट पाहत होते.

बाबा म्हणाले, "फोटो म्या नाही काढला. तिनं काढला. तिले इचारा."

स्टुडिओवाले माझ्याकडे वळले. माझं वय किती, मी कोण, एक लग्नाची पोरगी. तोवर कोणत्याही पुरुषमाणसानं कोणतीही गोष्ट मला विचारून केली नव्हती.

"त्यायले सांगा, निगेटिव्ह नाही भेटत. पन फोटोत राहाची लाज वाटत असन तं माह्यापाशी कात्री हाये. मी मालकाले कापून देईन. थे घेऊन जा. नाव इकडं राहीन."

सगळ्यात आधी हसली ती माय. पीठभरला हात तोंडावर धरून, चुलीपुढे, अंग हलेस्तोवर. मग ती स्टुडिओवाल्यांना म्हणाली, "चहा घ्याल नं भाऊ?" आणि पुन्हा भाकरी थापायला लागली.

मालकांनी काम दिलं नाही. त्यानंतर बाबांनी पोळ्याला बंड्या रंगवल्या, दुकानांच्या पाट्या केल्या, शाळेच्या भिंतींवर नकाशे काढले आणि प्रत्येक ठिकाणी कोपऱ्यात पुरं नाव लिहिलं. अर्धं पुन्हा कधीच लिहिलं नाही. बाबा गेले त्याला पुष्कळ वर्षं झाली. त्या फोटोला मी कात्री लावली नाही. मालक अजून त्यात उभे आहेत, टोपी सरळ करून, श्वास रोखून. घरी येणारे विचारतात, हे शेठ कोण? मी म्हणते, त्यांचं नाव मी विसरले, शेजारी लिहिलं आहे ते वाचा.